तीन कंपन्या आणि माझे दोन कान

माझ्या कानांचा मला फार गर्व होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे झालं ते वाचून कुणाला माझी कीव आली तरी ती जरा बेतानेच येईल. भिवंडीत मी सत्तावीस वर्षं जॉबर म्हणून काम करतोय. लूम बिघडला की तो दुरुस्त करणारा तो जॉबर. कारखान्यात मात्र सगळे मला मिस्त्री म्हणतात आणि लूमला साचा. चोवीस साचे एका वेळी खडखडत असायचे आणि मी दारातून आत पाऊल टाकलं की सांगायचो, सात नंबरचा धोटा लंगडतोय. धोटा म्हणजे सूत पोटात घेऊन कापडातून इकडून तिकडे पळणारी लाकडी होडीच. बघायला गेलं की सात नंबरच निघायचा. कारखान्याचे शेठ मूळचे खाडीकाठचे, तीन पिढ्या लूमच्या धंद्यातले. कुणी पाहुणा आला की माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "इसके कान देखो कान. मशीन बाद में रोती है, इसको पहले सुनाई देता है." मी मान खाली घालून हसायचो आणि दोन दिवस जमिनीपासून वीतभर वर चालायचो.

त्यामुळे मुलीने घरी हेडफोन आणला तेव्हा मला वाटलं, चला, इतक्या वर्षांनी कानांना त्यांच्या लायकीचं काम मिळालं.

मुलगी दापोड्याला एका गोदामाच्या ऑफिसात आहे. माल किती आला, किती गेला, ते ती कॉम्प्युटरवर बघते. खोकं चेपलं की आतली वस्तू धड असली तरी गिऱ्हाईक घेत नाही, मग ती स्टाफमध्ये वाटली जाते. तसा हा हेडफोन आला, आणि त्याच्यासोबत काडेपेटीएवढी एक डबी. ही डबी फोनला लावायची आणि हेडफोन डबीला. मी म्हटलं, मध्ये हा दलाल कशाला? ती म्हणाली, "पप्पा, फोन गाणं नीट वाचत नाही. ही डबी वाचते. आणि ब्लूटूथवर ऐकायचं नाही हां, त्यात पुन्हा आवाज पिळला जातो."

मग तिने मला सगळं समजावून दिलं. आपण फोनवर गाणं ऐकतो तेव्हा कंपनी ते पिळून, बारीक करून पाठवते. काही कंपन्या मात्र न पिळता, स्टुडिओत झालं तसंच पाठवतात. त्याला हाय-रेस म्हणतात. त्याचे आकडे असतात, जितका आकडा मोठा तितकं गाणं बारकाव्याचं. हे मला लगेच कळलं. एका इंचात धागे किती, यावर कापडाची जात ठरते, तसंच हे. मांजरपाट निराळं आणि पॉपलिन निराळं. तीन कंपन्या होत्या, तिघींचेही पहिले तीन महिने फुकट होते. ती म्हणाली, "तुम्ही ऐका आणि सांगा कुठली ठेवायची. तुमच्याइतके कान घरात कुणाचे आहेत?"

मला तुलना करायला फार आवडतं. घरात पंखा घ्यायचा होता तेव्हा मी सात दुकानांत सात पंखे चालवून बघितले होते. शेवटच्या दुकानदाराने मला विचारलं होतं, साहेब, पंखा घ्यायचाय की वारा? त्यामुळे मी एक शंभर पानी वही काढली, तिघींना पाच-पाच पानं दिली आणि कामाला लागलो. आमचा कारखाना शुक्रवारी बंद असतो. शुक्रवारी सकाळी नाश्ता झाला की मी खिडकीशी खुर्ची टाकून बसायचो. एरवीच्या दिवशी कामावरून आल्यावर, जेवणाआधी तासभर.

पहिल्या कंपनीकडे गाणी बख्खळ. काहीही टाका, मिळतं. आमच्या भीमगीतांची तर रास होती तिथे, गावोगावच्या गायन पार्ट्यांनी काढलेल्या जुन्या कॅसेटीसुद्धा कुणीतरी चढवल्या होत्या. पण ही कंपनी पिळून पाठवणारी. दुसरी कंपनी एकदम साहेबी. आकडे सगळ्यांत मोठे, चित्रं झकास, कुठल्या गाण्यात कुणी काय वाजवलं त्याची यादी. मात्र मराठी नाव टाकलं की ती भलत्याच देशातलं भलतंच काहीतरी पुढे करायची. तिसरी मधली. मराठी गाणी बऱ्यापैकी, आणि ज्या गाण्यावर हाय-रेस लिहिलेलं असेल त्याच्यापुढे छोटी सोनेरी पट्टी. नंतर माझ्या लक्षात आलं की कॅसेटवरून उतरवलेल्या गाण्यालाही तिने पट्टी लावलीय. कॅसेट ती कॅसेट. विहीर तीच, पाणी तेच, कळशी तेवढी पितळेची. हे मी वहीत लिहिलं आणि मुलीला वाचून दाखवलं. ती खूप हसली.

पहिल्या आठवड्यात मी दुसरीच्या बाजूने निकाल दिला. आवाज कसा भरलेला, अंगावर येणारा. मुलीने डोक्याला हात लावला. "पप्पा, तिचा आवाज मुळातच मोठा आहे. मोठा आवाज कुणालाही चांगलाच वाटतो. आधी तिघींचा आवाज सारखा करायचा, मगच तुलना." मी चाट पडलो. ओलं सूत तराजूत टाकून वजन वाढवणारे व्यापारी मी जन्मभर पकडत आलो आणि इथे स्वतःच फसलो. मग मी तिघींचा आवाज मोजूनमापून सारखा करायला शिकलो. तो सारखा केल्यावर तिघींत मला काही फरकच वाटेना. तेव्हाच मला थांबून विचार करायला हवा होता. मी थांबलो नाही, वहीत लिहिलं, "तिन्ही सारख्याच. लोकांना उगाच येडं बनवतात."

पण एका गाण्याने मला गप्प बसू दिलं नाही. ते एक जुनं भीमगीत होतं. आमच्या लहानपणी जयंतीच्या कार्यक्रमात ते हमखास व्हायचं. गाणारी बाई मधोमध, ढोलकीवाला डावीकडे, आणि उजवीकडे खंजिरी वाजवणारा एक काटकुळा माणूस. मी त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायचो. खंजिरीच्या कडेला पितळेच्या चकत्या असतात. तो बोट मारायचा तेव्हा कातड्याची थाप वेगळी आणि चकत्यांची छनछन वेगळी ऐकू यायची. ती छनछन माझ्या अंगात भिनलेली आहे. आता हेच गाणं मी इतक्या भारी हेडफोनमधून ऐकत होतो. बाईचा आवाज होता. ढोलकी तर अशी की वाटावं पोटावरच वाजतेय. खंजिरीची थापही होती. चकत्या नव्हत्या.

पहिल्या कंपनीला मी माफ केलं, ती पिळणारीच. तिसरीकडे तेच गाणं सोनेरी पट्टीसकट होतं. तिथेही चकत्या नव्हत्या. दुसरीकडे ते गाणंच नव्हतं, म्हणून मी तिथे झांजा-टाळवाली दुसरी गाणी लावून बघितली. झांजांच्या जागी नुसतं काहीतरी घासल्यासारखं यायचं. माझं डोकं फिरलं. आम्हा जॉबरांची एक शिकवण असते, बिघाड मशीनमध्ये शोधायचा. विणकराला दोष देणं सोपं असतं, पण त्याने साचा चालू होत नाही. मी त्या शिकवणीला धरून तिसऱ्या कंपनीला तक्रार लिहिली. एका बोटाने टाइप करत, पाऊण तास लावून. "आपण हाय-रेस म्हणून देत असलेल्या गाण्यातून खंजिरीच्या चकत्या काढून टाकलेल्या आहेत. मी हे गाणं प्रत्यक्ष ऐकलेलं आहे. आपली मशीन तपासा." खाली लिहिलं, सत्तावीस वर्षं अनुभव. कसला, ते लिहिलं नाही.

उत्तर आलं. आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत, कृपया आपली केबल तपासावी. मी केबल बदलली. चकत्या आल्या नाहीत. मी पुन्हा लिहिलं, जरा कडक.

कंपनीचं खातं मुलीच्या नावाने होतं, त्यामुळे हा पत्रव्यवहार तिच्याकडे जात होता हे मला माहीतच नव्हतं. त्या आठवड्यात तिची सुट्टी शुक्रवारी आली. सकाळी ती माझ्यासमोर येऊन बसली, हेडफोन माझ्या डोक्यावरून काढून स्वतःच्या डोक्यावर घातला आणि ते गाणं पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, "पप्पा, चकत्या आहेत की."

"कुठे?"

"सगळीकडे. पहिल्यापासून शेवटपर्यंत. कान किटले माझे."

मला वाटलं चेष्टा करतेय. मी हसलो, ती हसली नाही. तिने हेडफोन बाजूला ठेवला, घरातला छोटा स्पीकर फोनला जोडला आणि म्हणाली, "मी एक आवाज लावते. खालून हळूहळू वर चढत जाईल. हात वर करा आणि ऐकू यायचं बंद झालं की खाली घ्या." मी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. आधी गुरगुर आली, मग भोंगा, मग बासरीसारखा सूर, मग शिट्टी. शिट्टी वर गेली, बारीक झाली, विरली. मी हात खाली आणणारच होतो तेवढ्यात आतून बायको आली. दोन्ही हात कानांवर, तोंड वेडंवाकडं केलेलं. "बंद कर गो ती शिट्टी! कान फुटायची येळ आली न्हाय का!" बायको अंबाडीजवळच्या गावातली आहे, रागावली की तिच्या तोंडात गावची भाषा येते.

माझ्यासाठी घरात काहीही वाजत नव्हतं. बाहेर एक टेम्पो गेला, तो ऐकू आला. पंखा ऐकू आला. आणि माझी बायको माझ्यासमोर कान दाबून उभी होती.

मी हात खाली घेतला नाही. का ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी म्हटलं, "हां, येतंय. अजून येतंय."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मग हळू, तोंड नीट हलवत म्हणाली, "पप्पा, आई ओरडली तेव्हाच मी बंद केलंय."

मला भीती वाटली. मी मशीनमध्ये बोट अडकलेली माणसं पाहिलीत, पट्टा तुटून माझ्या कपाळाला लागलाय, एकदा कारखान्याचं अर्धं छप्पर खाली आलं तेव्हा मी आत होतो. त्या सगळ्या वेळी भीती नंतर आली, घरी आल्यावर, चहा पिताना. ही मात्र तिथल्या तिथे आली. बायको विचारत होती काय झालं, मुलगी तिला काहीतरी सांगत होती. मी उठलो आणि पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेलो. पाणी प्यायलो नाही.

त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस मी स्वतःवर पाळत ठेवून होतो. बायको स्वयंपाक करताना बोलत असते, ही तिची सवय. एका संध्याकाळी ती तिच्या भावाच्या घराबद्दल सांगत होती, मी समोर बसलो होतो, सगळं कळत होतं. मग मी डोळे मिटले. आवाज तोच राहिला, पण त्यातले शब्द गेले. नुसतं बायकोचं बोलणं चालू आहे एवढंच कळत होतं, त्यात काय आहे ते कळेना. डोळे उघडले, शब्द परत आले. पुन्हा मिटले, पुन्हा गेले. मी असं चार-पाच वेळा केलं. ती म्हणाली, "डोल्यात काय गेलं का?" मी म्हटलं, हो, कचरा गेला.

कारखान्यात कुणी कुणाचं ऐकत नाही. तिथे ऐकू येणं शक्यच नसतं. आम्ही एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलतो. दहा साचे पलीकडे उभा असलेला विणकर तोंड उघडतो आणि मला कळतं, त्याला सुताची कांडी हवीय की चहा. हे कुणी शिकवत नाही, सहा महिन्यांत आपोआप येतं. तीच सवय मी घरी आणली होती. आमच्या घरात सगळे समोर येऊन, तोंड मोठं उघडून बोलतात. आमची बोलण्याची पद्धतच अशी आहे असं मी समजत होतो. पाहुणे म्हणायचे, तुमच्याकडे भांडणं चालल्यासारखं वाटतं. आम्ही म्हणायचो, कारखान्यातली माणसं आम्ही. मी इतकी वर्षं डोळ्यांनी ऐकत होतो आणि श्रेय कानांना देत होतो.

मग कारखान्यातली गोष्ट लक्षात आली, ती आणखी वाईट. मी साच्यापाशी गेलो की माझा डावा तळहात आपोआप त्याच्या चौकटीवर जातो. हादरा हाताला कळतो, आणि सात नंबर लंगडतोय हे मला हात सांगतो. दारातून ओळखणं मी कधी सोडलं? मला आठवेना. शेवटचं कधी ओळखलं होतं, तेही आठवेना. लोक अजून माझ्या कानांची स्तुती करत होते आणि मी ती घेत होतो.

त्याच दिवसांत बारा नंबरवरच्या विणकराने मला हात करून बोलावलं. त्याचे ओठ म्हणाले, "मिस्त्री, सीटी मार रहा है." मी तळहात टेकवला. हाताला काही लागलं नाही. कान जवळ नेला. काही नाही. मी मान हलवली, चालव. तो तरी पुन्हा म्हणाला, "सुनो ना, कितना चीख रहा है." मला राग आला. खरं म्हणजे मी घाबरलो होतो, पण माझी भीती बाहेर पडताना रागाचे कपडे घालून पडते, हे बायकोला विचारा. मी त्याला म्हटलं, "मिस्त्री तू है कि मैं?" दुसऱ्या दिवशी बारा नंबरचं बेअरिंग जाम झालं, दांडा वाकला आणि साचा आठवडाभर बंद पडला. शेठ आले, बघून गेले. मला म्हणाले, "होता है मिस्त्री. तुम भी इन्सान हो." ते माझ्या खांद्यावर हात ठेवून हे म्हणाले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

एवढं होऊनही मी घरी तुलना चालूच ठेवली होती. आता विचार केला की हसू येतं. तीन महिने होत आले होते, फुकटची मुदत संपत आली होती. मी वेगळी गाणी लावायचो. वेगळी डबी मागून आणली. आवाज वाढवून बघितला, आणखी वाढवला. मला वाटायचं, एखाद्या कंपनीकडे, एखाद्या गाण्यात त्या चकत्या सापडतील आणि सगळं खोटं ठरेल. वहीत आता मी गुणदोष लिहीत नव्हतो. "झांज नाही. झांज नाही. पैंजण नाही. बाईच्या बोलण्यातला स नाही." अशी पानंच्या पानं भरली. मुलीने ती वही एकदा वाचली असावी, कारण एका सकाळी ती तयार होऊन समोर उभी राहिली आणि म्हणाली, "मी अपॉइंटमेंट घेतलीय. आज सुट्टी काढलीय. चला."

मी म्हटलं, मला काही झालेलं नाही. ती म्हणाली, "मग तर पटकन परत येऊ."

कल्याण नाक्याच्या बाजूला एका गल्लीत ते तपासणीचं ठिकाण होतं. एक छोटी खोली, भिंतींना स्पंज लावलेला. दार बंद झालं आणि अशी शांतता झाली की मला माझाच श्वास ऐकू येऊ लागला. इतकी शांतता मी कधी ऐकलेली नव्हती, आणि ती मला सहन होईना. वीज जाऊन सगळे साचे थांबले तरी कारखान्यात इतकी होत नाही. काचेपलीकडे एक मुलगी बसली होती, माझ्या मुलीपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी असेल. आवाज आला की बटण दाबायचं. मी दाबत होतो. मग बराच वेळ काही आलं नाही. ती मात्र कागदावर खुणा करत होती. तिचं पेन हललं की मला कळायचं, आवाज येऊन गेला. दोनदा मी पेन बघून बटण दाबलं. तिने ते ओळखलं आणि खुर्ची फिरवून पाठ केली.

नंतर ती आत आली आणि म्हणाली, आता मी शब्द म्हणते, तुम्ही तेच म्हणा. तिने तोंडापुढे कागद धरला. त्या एका कागदाने माझा कणा मोडला. तिचा आवाज माझ्यापर्यंत पोहोचत होता, त्यात शब्द नव्हते. मी अंदाजाने बोललो. "पाट?" "ताट?" "काठ?" ती लिहीत गेली. सत्तावीस वर्षं ज्या ओठांवर मी जगलो ते झाकले गेले आणि मी परीक्षेला बसलेल्या ढ पोरासारखा तोंडाला येईल ते बोलत सुटलो.  मी माझ्या मुलीकडे बघितलं, ती काचेपलीकडून बघत होती आणि तिनेही मान खाली घातली.

निकालाचा कागद म्हणजे एक रेघ होती. थोडी सपाट जाऊन मग विहिरीत पडावी तशी खाली गेलेली. दोन्ही कानांची तशीच. तपासणाऱ्या मुलीने सगळं मायेने सांगितलं. गेलं ते परत येत नाही. राहिलंय ते राखता येईल, कारखान्यात कानात बोळे घातल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. कानातली मशीन लावली तर बोलणं बरंच कळेल, पण सवय व्हायला वेळ लागेल. माझ्या मुलीने विचारलं, हे कधीपासून असेल? ती म्हणाली, "एकदम होत नाही. दहा-बारा वर्षं तरी हळूहळू चाललेलं असणार."

आम्ही रिक्षात बसलो. रस्त्यावर कंटेनरची रांग लागली होती, रिक्षा इंच इंच पुढे जात होती. मी विचार करत होतो की शेठना काय सांगू, कसं सांगू, आणि सांगितल्यावर मी कोण राहीन.  मुलीने माझ्या हाताला हात लावला, म्हणजे मी तिच्याकडे बघावं म्हणून. मी बघितलं.

"पप्पा," ती म्हणाली, "माझी पुण्याची ॲडमिशन आठवते?"

आठवत होती. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. ती बी.एस्सी. झाली होती, पुढच्या शिक्षणासाठी तिने पुण्याच्या कॉलेजात फॉर्म भरला होता, नंबरही लागला होता. मग तिने अचानक दापोड्याची नोकरी धरली. मला वाटलं होतं, तिचंच मन बदललं. आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं. पोरगी घरात राहिली.

"तू गेली नाहीस," मी म्हटलं.

"तुम्ही पाठवलं नाहीत."

"मी? मी कधी नाही म्हटलं?"

ती माझ्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करून बोलत होती, रिक्षा इतकी खडखडत असूनही मला सगळं कळलं. "तुम्ही सकाळी कामाला निघाला होतात. दारात बूट घालत होता. मी मागे उभी राहून विचारलं, पप्पा, मी पुण्याला जाऊ का? तुम्ही काही बोलला नाहीत. मी पुन्हा विचारलं. तुम्ही बूट घातले आणि गेलात. आपल्याकडे मोठी माणसं तोंडाने नाही म्हणत नाहीत ना. आजोबा पण गप्प बसायचे, तुम्हीच सांगायचात, बाप गप्प बसला की समजून जायचं. मी समजले. आईला पण म्हटलं, पप्पांना विचारू नकोस आता, त्यांना त्रास होईल."

 मला ती सकाळ आठवून बघायची होती. बूट आठवले, दार आठवलं. तिचा आवाज कुठेच नव्हता. तो माझ्यापर्यंत आलाच नव्हता, मग आठवणार कुठून? मी म्हटलं, "मी हो म्हटलं असतं." हे खरं होतं का, हेही मला माहीत नाही. मी मोठ्याने म्हटलं असावं, कारण रिक्षावाल्याने आरशात बघितलं.

ती म्हणाली, "हो. ते आत्ता कळलं मला."

दहा-बारा वर्षं, असं ती काचेपलीकडची मुलगी म्हणाली होती. म्हणजे ही तेव्हा शाळेत होती. सकाळी बूट घालताना, टीव्ही बघताना, पाठ करून वही लिहिताना, हेडफोन घालून बसलेलो असताना, माझ्या पाठीमागे ती किती वेळा उभी राहिली असेल आणि मी उत्तर दिलं नाही म्हणून परत गेली असेल.

मी तिला विचारलं, "अजून काय काय विचारलं होतंस मला?"

तिने तोंड फिरवलं आणि बाहेर रस्त्याकडे बघायला लागली. मला तिची वेणी आणि कानाची पाळी दिसत होती. बाजूने कंटेनर चालले होते. ती गप्प होती की सांगत होती, मला कळलं नाही.